डंप हाती आहे, पण वाचता येत नाही: कॉर्टेक्स-एम बोर्डाचा क्रॅश पकडण्याची पद्धत

दर काही आठवड्यांनी कोणीतरी मला एक बायनरी फाइल पाठवतं. खाली एकच ओळ असते: "बोर्ड साइटवर बंद पडला होता, रॅमचा डंप काढलाय, जरा बघता का?" डंप म्हणजे क्रॅशच्या वेळी मेमरीत काय होतं त्याची नक्कल. माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो. त्या बोर्डावर जे फर्मवेअर चालू होतं, नेमकी त्याचीच ईएलएफ फाइल (बिल्डमधून निघणारी, पत्त्यांना फंक्शनची नावं जोडणारी फाइल) आहे का? उत्तर बहुतेक वेळा असं येतं: "ती नाही, पण गिटमधून परत बिल्ड करून देतो." अशा डंपमधून फारसं काही निघत नाही.

डंपचं बहुतेक काम क्रॅश होण्याआधीच करून ठेवायचं असतं, आणि नेमकं तेच राहून जातं. म्हणून हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे. समोर एसटीएम३२एफ४०७ (पुढे नुसतं एफ४०७) ही कॉर्टेक्स-एम४ची चिप आणि त्यावर फ्रीआरटीओएस ही छोटी ऑपरेटिंग सिस्टीम आहे असं धरलं आहे. कॉर्टेक्स-एम३, एम४, एम७ आणि एम३३ यांना हीच पद्धत जवळजवळ तशीच लागू पडते. एम० आणि एम०+ मध्ये फॉल्टचं (प्रोसेसरने स्वतः पकडलेल्या चुकीचं) कारण सांगणारी सीएफएसआरसारखी रजिस्टर नसतात, त्यामुळे तिथे फक्त स्टॅकवरची माहिती हाती लागते. लिनक्सवर चालणाऱ्या उपकरणांच्या कोअर फाइलबद्दल शेवटी वेगळा टप्पा आहे.

## टप्पा १: बिल्ड जपून ठेवा

१. डीबग माहिती चालू ठेवूनच रिलीज बिल्ड करा. "-जी दिलं की फ्लॅश भरते" हा गैरसमज अजून पुष्कळ ठिकाणी आहे. डीबग माहिती ईएलएफ फाइलमध्ये राहते आणि बोर्डावर जाणाऱ्या बिन किंवा हेक्स फाइलमध्ये ती येतच नाही. ऑप्टिमायझेशन ओ२ असो की ओएस, -जी३ बिनधास्त द्या.

२. लिंकरला बिल्ड-आयडी तयार करायला सांगा. ही त्या बिल्डची स्वतःची ओळख असते, साधारणपणे २० बाइटची. लिंकर स्क्रिप्टमध्ये तिला फ्लॅशमधली ठरावीक जागा द्या, म्हणजे फर्मवेअरला ती स्वतःहून वाचता येईल आणि डंपच्या सुरुवातीला लिहिता येईल.

३. प्रत्येक रिलीजची ईएलएफ आणि मॅप फाइल (कोणतं फंक्शन, व्हेरिएबल कोणत्या पत्त्यावर आहे याची यादी) बिल्ड-आयडीच्या नावाने सर्व्हरवर साठवा. ज्या बिल्डचा एकही बोर्ड ग्राहकाकडे आहे, त्याची फाइल कधीच पुसू नका. आपापल्या लॅपटॉपवर ठेवणं म्हणजे साठवणं नव्हे. माणूस नोकरी बदलतो आणि लॅपटॉप फॉरमॅट होतो.

सावधान: त्याच गिट टॅगवरून पुन्हा केलेला बिल्ड तोच असेल असं धरू नका. कंपायलरची आवृत्ती बदलली, कोडमध्ये तारीख-वेळेचा मॅक्रो असला किंवा फोल्डरचा मार्ग बदलून एखादी असर्टची स्ट्रिंग लांब झाली, तरी पत्ते सरकतात. सरकलेले पत्ते चूक आहेत असं कुठे लिहून येत नाही. ते तुम्हाला एक खरं वाटणारं, पण चुकीचं फंक्शन दाखवतात. एकदा अशाच सरकलेल्या पत्त्यांवर भरवसा ठेवून आम्ही दोन दिवस एका निर्दोष टायमर ड्रायव्हरच्या मागे लागलो होतो.

## टप्पा २: डंपसाठी जागा राखा

डंप ठेवायला दोन जागा आहेत: रीसेटनंतरही न पुसला जाणारा रॅमचा तुकडा, किंवा फ्लॅश.

रॅमचा मार्ग सोपा आणि जलद आहे. लिंकर स्क्रिप्टमध्ये एक नोइनिट (सुरुवातीला न पुसला जाणारा) विभाग करा. स्टार्टअप कोड बीएसएस (सुरुवातीची किंमत नसलेल्या व्हेरिएबलची जागा) शून्य करतो, तेव्हा हा विभाग त्याच्या कक्षेबाहेर असला पाहिजे. सॉफ्टवेअर रीसेट किंवा वॉचडॉग (बोर्ड अडकला की रीसेट करणारा टायमर) रीसेटमध्ये रॅममधला मजकूर टिकतो, वीज गेली तर टिकत नाही. पंप कंट्रोलर किंवा मीटरसारखं उपकरण कृषी फीडरवर असेल, तर वीज दिवसातून कितीदा जाते हे तुम्हाला माहीतच आहे. तिथे रीसेटनंतर बोर्ड चालू झाल्याबरोबर पहिलं काम म्हणून रॅममधला डंप फ्लॅशमध्ये हलवा.

फॉल्ट हँडलरमधून थेट फ्लॅशमध्ये लिहायचं असेल, तर ती जागा आधीच पुसून ठेवा. एफ४०७ चा १२८ केबीचा सेक्टर पुसायला एखाद-दोन सेकंद जातात, आणि क्रॅशच्या क्षणी तेवढा वेळ मिळेलच असं नाही.

डंपच्या मथळ्यात इतकं तरी हवं: एक ठरावीक खूण, डंपच्या रचनेची आवृत्ती, बिल्ड-आयडी, लांबी आणि सीआरसी (मजकूर बिघडला का हे सांगणारा तपासणीचा आकडा). सीआरसी नसेल तर अर्धवट लिहिलेला डंप आणि पूर्ण डंप यांतला फरक कळत नाही.

सगळी रॅम हवीच असा हट्ट नको. सर्व रजिस्टर, चालू स्टॅकचा वरचा १ केबी, प्रत्येक टास्कचा टीसीबी (फ्रीआरटीओएसने ठेवलेली त्या टास्कची नोंद) आणि त्याच्या स्टॅकचे वरचे काहीशे बाइट एवढ्यावर बहुतेक क्रॅश उलगडतात. मेमरीवर भलत्याच कोणी लिहिल्याचा संशय असेल तेव्हा मात्र पूर्ण रॅमच लागते.

तपासा: बूटलोडर कोणती रॅम वापरतो? माझ्या पाहण्यातली सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक हीच आहे. ॲप्लिकेशनने नोइनिट विभाग नीट राखलेला असतो, पण रीसेटनंतर आधी बूटलोडर चालतो आणि त्याचा स्वतःचा स्टॅक नेमका त्याच जागेवर येतो. दोन्हींच्या मॅप फाइल शेजारी शेजारी ठेवून पत्ते ताडून पाहा.

## टप्पा ३: फॉल्ट हँडलर लिहा

फॉल्ट आला की प्रोसेसर स्वतः ८ शब्द स्टॅकवर ठेवतो: आर०, आर१, आर२, आर३, आर१२, एलआर (परतीचा पत्ता), पीसी (चालू इन्स्ट्रक्शनचा पत्ता) आणि एक्सपीएसआर (प्रोसेसरची स्थिती), एकूण ३२ बाइट. एफपीयू (दशांश गणिताचा भाग) वापरात असेल तर ही चौकट १०४ बाइटची होते. आर४ ते आर११ मात्र कुठेही ठेवले जात नाहीत. ते जपायचं काम तुमचं.

म्हणून हँडलरची सुरुवात असेंब्लीतच करा, या क्रमाने:

१. एलआरमध्ये आलेलं एक्सेप्शन रिटर्नचं मूल्य बघा. त्याचा बिट २ शून्य असेल तर चौकट एमएसपीवर (मुख्य स्टॅकवर) आहे, एक असेल तर पीएसपीवर (टास्कच्या स्टॅकवर). बिट ४ शून्य असेल तर चौकट एफपीयूसकटची, म्हणजे मोठी आहे.

२. आर४ ते आर११, एमएसपी, पीएसपी आणि ते एक्सेप्शन रिटर्न मूल्य नोइनिट विभागात लिहा.

३. एमएसपी एका वेगळ्या, फक्त याच कामासाठी राखलेल्या छोट्या स्टॅककडे वळवा. फॉल्टचं कारणच स्टॅक भरणं असेल, तर त्याच स्टॅकवर सी फंक्शन चालवल्याने दुसरा फॉल्ट येतो आणि प्रोसेसर लॉकअपमध्ये जातो.

४. आता सी फंक्शनला हाक मारा. त्यात सीएफएसआर, एचएफएसआर (फॉल्टची कारणं), बीएफएआर आणि एमएमएफएआर (फॉल्टचे पत्ते) वाचून साठवा.

५. डीएमएचे (प्रोसेसरशिवाय मेमरीत डेटा हलवणाऱ्या भागाचे) सगळे चालू स्ट्रीम थांबवा. हार्डफॉल्टमध्ये इतर इंटरप्ट थांबतात, पण डीएमए थांबत नाही. तुम्ही रॅमची नक्कल करत असताना तो खालून ती बदलत राहतो.

६. स्टॅक आणि रॅमचे ठरलेले तुकडे लिहा, सीआरसी लिहा आणि सगळ्यात शेवटी ती खूण लिहा. खूण आधी लिहिली तर अर्धवट डंपही पूर्ण असल्यासारखा दिसेल.

७. एम७ असेल तर डेटा कॅश क्लीन करा, नाहीतर तुम्ही लिहिलेलं कॅशमध्येच राहतं आणि रॅमपर्यंत पोचत नाही. मग रीसेट.

सावधान: हँडलरमध्ये प्रिंटएफ, मॅलॉक, म्यूटेक्स यांपैकी काहीही नको. हीप बिघडल्यामुळेच फॉल्ट आलेला असू शकतो. यूएआरटी (सीरियल पोर्ट) किंवा फ्लॅशचा ड्रायव्हर इंटरप्टशिवाय, फक्त पोलिंगवर चालणारा हवा.

सावधान: वॉचडॉग. एफ४०७ चा स्वतंत्र वॉचडॉग एकदा सुरू झाला की सॉफ्टवेअरने बंद करता येत नाही. १२८ केबी रॅम ११५२०० बॉडने पाठवायला ११ सेकंदांहून जास्त लागतात, हेक्स मजकूर करून पाठवली तर त्याच्या दुप्पट. वॉचडॉग दोन सेकंदांचा असेल तर डंप दरवेळी एकाच ठिकाणी तुटेल. लिहिण्याच्या लूपमध्येच त्याला रिफ्रेश करत राहा.

आणखी एक सोय विसरू नका. मेमरी, बस आणि युसेज हे तीन फॉल्ट सुरुवातीला बंद असतात आणि सगळं हार्डफॉल्ट म्हणूनच येतं. एसएचसीएसआर रजिस्टरमधले बिट १६, १७ आणि १८ लावून ते वेगळे करा. भागाकारात शून्य आल्यावर फॉल्ट हवा असेल तर सीसीआर रजिस्टरचा बिट ४ लावावा लागतो. तो लावला नाही तर उत्तर गुपचूप शून्य येतं आणि कोड पुढे जातो.

## टप्पा ४: मुद्दाम क्रॅश करा

हा टप्पा जवळजवळ सगळेच गाळतात. हँडलर लिहिला, कंपाइल झाला, म्हणजे चालतो असं धरलं जातं. मग सहा महिन्यांनी साइटवरून पहिला खरा डंप येतो आणि त्यात शून्यांशिवाय काही नसतं.

फर्मवेअरच्या चाचणी बिल्डमध्ये एक छुपी कमांड ठेवा आणि निदान चार प्रकारे बोर्ड पाडा: रॅमच्या हद्दीबाहेरच्या पत्त्यावर लिहून, शून्य पत्त्याच्या फंक्शन पॉइंटरला हाक मारून, शून्याने भागून, आणि एखाद्या टास्कमध्ये अनंत रिकर्शन करून. प्रत्येक वेळी डंप काढा आणि त्यावरून खरंच त्या ओळीपर्यंत पोचता येतं का ते बघा.

भागाकाराच्या चाचणीत भाजक व्होलटाइल ठेवा. नाहीतर जीसीसी कंपायलरला शून्य आधीच दिसतं, तो भागाकाराऐवजी अवैध सूचना (इन्स्ट्रक्शन) टाकतो आणि तुम्हाला वेगळाच फॉल्ट मिळतो.

नल पॉइंटर वाचण्याची चाचणी एफ४०७ वर फसवी ठरते, कारण फ्लॅशमधून बूट होताना शून्य पत्त्यावर फ्लॅशच दिसते. वाचन यशस्वी होतं, हाती व्हेक्टर टेबलमधली संख्या येते आणि फॉल्ट येतच नाही. नल वाचन पकडायचं असेल तर एमपीयूने (मेमरीच्या भागांवर बंदी घालणाऱ्या हार्डवेअरने) तो भाग बंद करा.

## टप्पा ५: डंप बाहेर काढा

बोर्ड टेबलावर असेल आणि तिथेच अडकला असेल, तर पहिला नियम असा: रीसेट करू नका आणि वीज काढू नका. डीबगर चालू बोर्डाला जोडा. बऱ्याच आयडीईंमध्ये डीबगचं बटण दाबलं की आधी फ्लॅश लिहिली जाते आणि मग रीसेट होतं. बटण दाबलंत की पुरावा गेला. ॲटॅच नावाचा वेगळा पर्याय असतो, तो आधीच सेट करून ठेवा. "कनेक्ट अंडर रीसेट" बंद आहे ना तेही बघा.

जोडल्यावर आधी थांबवा, मग सगळी रजिस्टर नोंदवा, आणि मगच रॅम फाइलमध्ये उतरवा. ओपनओसीडीत डंप इमेज, जे-लिंकमध्ये सेव्ह बिन आणि जीडीबीत डंप बायनरी मेमरी या कमांड आहेत. एफ४०७ ची मुख्य रॅम हेक्स २००००००० पासून १२८ केबी आहे. सीसीएम नावाची आणखी ६४ केबी हेक्स १००००००० वर वेगळी बसते. टास्कचे स्टॅक तिथे ठेवले असतील आणि फक्त मुख्य रॅम उतरवली, तर हवं तेच राहून जातं.

सावधान: पेरिफेरलचे (यूएआरटी, टायमर असल्या भागांचे) पत्ते सरसकट डंप करू नका. यूएआरटीचं डेटा रजिस्टर नुसतं वाचलं तरी आलेला बाइट निघून जातो आणि फ्लॅग उतरतात. आयडीईतली पेरिफेरलची खिडकी उघडी असेल तर तीही हेच करत असते.

साइटवरून येणारा डंप हा ग्राहकाचा डेटा आहे. रॅममध्ये वायफायचे पासवर्ड, सर्व्हरच्या किल्ल्या, मोबाइल नंबर असतात. तो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका.

## टप्पा ६: वाचण्याचा क्रम

डंप आला की लगेच पीसीकडे धाव घेऊ नका.

१. सीआरसी आणि बिल्ड-आयडी जुळवा. जुळले नाहीत तर इथेच थांबा.

२. सीएफएसआर वाचा, कारण पीसीवर किती विश्वास ठेवायचा हे तोच सांगतो.

बिट ९ लागला असेल तर बस फॉल्ट नेमका आहे: पीसी दाखवतो तीच सूचना दोषी. सोबत बिट १५ असेल तर बीएफएआरमधला पत्ता खरा. बिट १५ नसेल तर बीएफएआरमध्ये कितीही सुंदर संख्या असली तरी तिच्याकडे बघू नका.

बिट १० लागला असेल तर फॉल्ट उशिरा कळलेला आहे. लिहिण्याची सूचना बफरमध्ये गेली, प्रोसेसर पुढे सरकला आणि मग बसने नकार दिला. पीसी काही सूचना पुढे आहे, कधी कधी दुसऱ्याच फंक्शनमध्ये. एम३ आणि एम४ वर एसीटीएलआर रजिस्टरचा बिट १ लावून राइट बफर बंद करा आणि बिघाड पुन्हा घडवून आणा. बोर्ड मंद होतो, पण पीसी नेमका मिळतो.

बिट १२ म्हणजे चौकट स्टॅकवर ठेवतानाच फॉल्ट आला. चौकटीतला पीसी कचरा आहे असं समजा आणि थेट स्टॅक भरला का ते तपासा.

बिट १७ आणि पीसी शून्य, म्हणजे नल फंक्शन पॉइंटर. इथे पीसीचा उपयोग नाही, एलआर बघा.

३. आता पीसी ॲडर२लाइनला (पत्त्यावरून फाइल आणि ओळ सांगणाऱ्या साधनाला) द्या. एलआर देताना मात्र जपून. त्यातला शेवटचा बिट थंब मोडची खूण म्हणून एक असतो, आणि एलआर परतीचा पत्ता दाखवतो, म्हणजे हाक मारणाऱ्या सूचनेच्या पुढचा. तसाच दिला तर पुढची ओळ मिळते. दोन-तीन बाइट मागे घेऊन द्या.

४. चौकटीच्या वरचा स्टॅक वाचा. फ्लॅशच्या हद्दीत पडणारे विषम आकडे शोधा. ते परतीचे पत्ते असण्याची शक्यता जास्त. काही जुन्या कॉलचे उरलेले शिळे पत्तेही असतात, म्हणून प्रत्येकाच्या आधी खरंच कॉलची सूचना आहे का हे डिसअसेंब्लीत बघा.

हे सगळं हाताने करायचं नसेल तर क्रॅशडीबगसारखं साधन रॅमचा डंप आणि ईएलएफ घेऊन जीडीबीला मेलेला बोर्ड जिवंत असल्यासारखा दाखवतं. झेफिर आणि ईएसपी-आयडीएफ या तयार प्रणालींमध्ये कोअर डंपची सोय मुळातच आहे, तिथे हँडलर स्वतः लिहू नका.

तपासा: इतर टास्क कुठे थांबले होते? फ्रीआरटीओएसच्या टीसीबीतला पहिलाच शब्द त्या टास्कच्या स्टॅकचा माथा दाखवतो. एम४एफ पोर्टमध्ये तिथून ६० बाइटवर त्या टास्कचा पीसी असतो. तो टास्क एफपीयू वापरत असेल तर १२४ बाइटवर. चालू टास्कला हे लागू नाही, त्याचा टीसीबीतला आकडा शिळा असतो. स्टॅकच्या तळाशी ए५ ए५ ची भरण शिल्लक आहे का तेही बघा. एकही ए५ उरला नसेल तर त्या टास्कचा स्टॅक भरला होता.

## एक वाचन, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

एसएमएसवर चालणाऱ्या एका पंप कंट्रोलरचा डंप. सीएफएसआरमध्ये हेक्स ००००८२००, म्हणजे बिट १५ आणि बिट ९. फॉल्ट नेमका, पत्ता खरा. बीएफएआर हेक्स ३२३२३८३९. आर३ मध्येही तीच संख्या. पीसी एका साध्या ओळीवर, जिथे एका पॉइंटरवरून एक बाइट वाचला जात होता.

इथे पॉइंटर इनिशियलाइज झाला नव्हता असं म्हणून तिथे नलची तपासणी घालणं ही नेहमीची चूक. ती तपासणी इथे उपयोगाची नव्हती, पॉइंटर नल नव्हताच. संख्या उलट क्रमाने वाचा (मेमरीत शेवटचा बाइट आधी ठेवला जातो): ३९, ३८, ३२, ३२. एएससीआयआयमध्ये ही अक्षरं होतात ९८२२. पॉइंटरच्या जागी कोणाच्या तरी मोबाइल नंबरची सुरुवात येऊन बसली होती.

मग मॅप फाइलमध्ये त्या पॉइंटरच्या लगेच आधी कोण आहे ते पाहिलं. मोडेमकडून आलेली ओळ साठवणारा बफर. डंपमध्ये बफर काठोकाठ भरलेला, आणि नंबर हद्द ओलांडून पुढे गेलेला. दोष पीसीच्या ओळीत नव्हता. तो मोडेमची ओळ लांबी न तपासता कॉपी करणाऱ्या फंक्शनमध्ये होता, आणि ते फंक्शन क्रॅशच्या कितीतरी आधी आपलं काम करून मोकळं झालं होतं. पॉइंटरच्या पत्त्यावर हार्डवेअर वॉचपॉइंट (तिथे कोणी लिहिलं की बोर्ड थांबवणारा पहारा) लावून लांब ओळ पाठवली, आणि बोर्ड थेट त्या कॉपीच्या लूपमध्ये थांबला.

पॉइंटरमध्ये विचित्र संख्या दिसली की ती आधी अक्षरं म्हणून वाचून बघा. मग ए५ ए५ ची भरण आहे का, फ्लोटचं मूल्य आहे का, एखाद्या पाकिटाचा मथळा आहे का. कचऱ्यातला मजकूरच बहुतेक वेळा लिहिणाऱ्याचं नाव सांगतो.

## टप्पा ७: लिनक्सवर चालणारं उपकरण असेल तर

इथे कर्नल कोअर फाइल (पडलेल्या प्रोसेसचा मेमरी डंप) स्वतः लिहितो, पण पुष्कळ उपकरणांवर ती तयारच होत नाही. क्रमाने तपासा.

१. कोअरच्या आकाराची मर्यादा बहुधा शून्य असते. शेलमध्ये यूलिमिट वाढवून सर्व्हिसला फायदा नाही. सिस्टमडीच्या युनिट फाइलमध्ये लिमिट-कोअर द्या, किंवा सर्व्हिस सुरू करणाऱ्या स्क्रिप्टमध्येच मर्यादा वाढवा.

२. कोअर पॅटर्नमध्ये (कोअर कुठे लिहायची ते ठरवणाऱ्या सेटिंगमध्ये) पूर्ण मार्ग लिहा. डेमन (मागे चालणारी सर्व्हिस) बहुधा रूट फोल्डरमध्ये चालतो आणि रूट फाइलसिस्टीम फक्त वाचण्यापुरती असते, त्यामुळे नुसतं "कोअर" लिहिलं तर फाइल कुठेच जात नाही. टीएमपी फोल्डर रॅमवर असेल तर तिथे मोठी कोअर लिहून आणखी अडचण होईल. पाइपचं चिन्ह देऊन एका छोट्या स्क्रिप्टकडे वळवा, ती जीझिपने दाबून फ्लॅशवर लिहील. जुन्या कोअर पुसायची सोयही त्याच स्क्रिप्टमध्ये ठेवा.

३. सिगसेगचा (चुकीच्या मेमरी वापराच्या सिग्नलचा) स्वतःचा हँडलर लिहून त्यात एक्झिट केलं असेल तर कोअर येणार नाही. अडकलेली प्रोसेस सिगकिलने मारली तरी येणार नाही, आणि मेमरी संपल्यावर ओओएम किलर सिगकिलच पाठवतो. सुपरवायझरने आधी सिगअबॉर्ट पाठवावा, काही सेकंद थांबावं आणि मगच सिगकिल वापरावा.

४. लॅपटॉपवर उघडताना त्या प्रोसेसरसाठीचाच जीडीबी घ्या आणि कोअर लोड करण्याआधी सिसरूट त्याच रिलीजच्या रूट फाइलसिस्टीमकडे वळवा. हे विसरलं तर जीडीबी तुमच्या लॅपटॉपच्या लायब्ररी शोधतो आणि बॅकट्रेसमध्ये (कोणत्या फंक्शनने कोणाला हाक मारली त्या यादीत) प्रश्नचिन्हांची रांग लागते. लोकांना वाटतं कोअर खराब आहे, आणि ते ती पुसून टाकतात.

५. एकाच थ्रेडचा बॅकट्रेस पाहून निर्णय घेऊ नका. सगळ्या थ्रेडचा पूर्ण बॅकट्रेस फाइलमध्ये काढा. पडलेला थ्रेड अनेकदा फक्त बळी असतो, आणि ज्याने त्याची मेमरी मोकळी केली तो शेजारच्या थ्रेडमध्ये अजून त्याच कामात असतो.

जीडीबीने कोअरचा आकार अपेक्षेपेक्षा कमी असल्याची सूचना दिली तर ती गांभीर्याने घ्या. फाइल तुटलेली आहे, आणि तुटलेला भाग बहुतेक वेळा स्टॅकचाच असतो, कारण स्टॅकचे पत्ते वरचे आणि कोअरमध्ये ते शेवटी येतात. आधी जागा किंवा मर्यादा वाढवा, मग पुढच्या कोअरची वाट बघा.